फ्लोरियनची हजेरी

मातेर्ननं भाला पुलावर आडवा धरला आणि लोकरीच्या ओझ्याखाली वाकलेल्या गाढवाला थांबवलं. त्याच्या हाताखालच्या तिघा जवानांनी गाठोडी सोडली, कोपरापर्यंत हात घालून चाचपली. ख्रिस्त्यांची पोथी निघाली नाही. लोकरच निघाली, तीही ओली. गाढववाला पुटपुटत पुढे गेला. त्याच्यामागे एक म्हातारा आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. वहाणा खांद्यावर, पाय चिखलानं भरलेले, हातात काठी.

"तुमच्याकडे काय?" खाली बघतच मातेर्ननं विचारलं.

"माझ्याकडे काही नाही," म्हातारा म्हणाला. "पण तुम्ही ज्यांना शोधताय त्यांतला मी एक. मी ख्रिस्ती आहे."

आवाज ओळखायला मातेर्नला मान वर करावी लागली नाही. आठ वर्षांपूर्वीपर्यंत लाउरियाकमच्या छावणीत तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. फ्लोरियन. सुभेदाराच्या कचेरीचा प्रमुख, आणि त्याआधी छावणीच्या आगपहाऱ्याचा नाईक. सेवा संपल्यावर तो पाच दिवसांच्या वाटेवर, केटियमला जाऊन राहिला होता. पुलावरचे तिघे जवान त्यानंतर भरती झालेले; हा कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. नशीब एवढंच.

"काय म्हणालात? नदीच्या आवाजात ऐकू येत नाही," मातेर्न मोठ्यानं म्हणाला आणि जवानांकडे वळला. "माझा जुना साहेब आहे. वय झालंय. चालून चालून डोक्यात ऊन गेलंय."

एका जवानानं आभाळाकडे पाहिलं. सकाळपासून ऊन पडलंच नव्हतं. मातेर्ननं म्हाताऱ्याचा दंड पकडला आणि त्याला जवळजवळ ढकलतच पुलावरून पलीकडे नेलं. खाली एन्स नदी फुगली होती. डोंगरातला बर्फ वितळायचे दिवस. पाणी हिरवट राखाडी आणि इतकं थंड, की पुलाच्या लाकडांनाही गारवा चढलेला.

मातेर्नचं घर तटबंदीबाहेर, शिपायांच्या वस्तीत होतं. त्याची बायको बनोना तिथं जवाची दारू गाळून विकायची. घराच्या मागच्या भिंतीला लागून छावणीचं जुनं धान्यकोठार होतं, आणि सध्या त्याचा तुरुंग केला होता. सम्राटाचा हुकूम साधा होता. वेदीवरच्या निखाऱ्यांवर चिमूटभर धूप टाकायचा, की यादीत नावापुढे खूण. खूण झाली की त्या माणसाला पुन्हा कुणी काही विचारत नसे. धूप नाकारला तर कोठडी, आणि कोठडीनंतर काय, ते सुभेदाराच्या मर्जीवर. लाउरियाकममध्ये चाळीस जणांनी नाकारला होता. त्यांत एक रंगारी होता, दोघी बहिणी होत्या, एक चालता न येणारा म्हातारा होता. फ्लोरियन त्यांच्यासाठी आला होता.

बनोनानं त्याच्यापुढे जवाची पेज आणि खारवलेलं डुकराचं मांस ठेवलं, पाय धुवायला कढत पाणी दिलं आणि मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भावोजी, पाच दिवस चालत मरायला आलात? केटियमला मरण मिळत नव्हतं?"

फ्लोरियन हसला. पेज चांगली झालीय म्हणाला. जेवण होईपर्यंत त्यानं दुसरं काही काढलं नाही. कोण वारलं, कुणाला मुलं झाली, बेकरांच्या आळीत नवी विहीर खणली का, असलं विचारत राहिला. बेकरांच्या आळीचं नाव निघालं तसा मातेर्नचा हात आपोआप मानेकडे गेला. तिथं कानाखालपासून खांद्यापर्यंत कातडी चकाकत होती. सोळा वर्षांपूर्वी ती आळी जळाली तेव्हा मातेर्न एका तुळईखाली अडकला होता, आणि ओलं कातडं डोक्यावर घेऊन फ्लोरियन आत शिरला होता. त्या गोष्टीबद्दल दोघं कधी बोलले नव्हते.

जेवणानंतर मातेर्ननं समजवायला घेतलं. उद्या जाऊन सुभेदाराला काय सांगणार? सांगून ते चाळीस सुटणार आहेत का? नाही. मग चाळिसांचे एकेचाळीस होतील, दुसरं काय? फ्लोरियन मान डोलवत राहिला, जणू हिशेब त्यालाही पटत होता. ते बघून मातेर्नला राग आला.

"साहेब, तुम्हीच शिकवलंत आम्हाला," तो म्हणाला. "जळत्या घराकडे बघत बसू नका, शेजारच्या घराकडे बघा. आकडे लावा, छप्पर ओढून काढा, आळी वाचवा. ते चाळीस म्हणजे जळतं घर आहे. गेलं ते."

"घर रिकामं असेल तर," फ्लोरियन म्हणाला. "आत माणूस असला तर आत जावं लागतं. हे तुला मी सांगायचं?"

बनोनानं भांडी उचलली.

"मी त्यांना सोडवायला आलेलो नाही," फ्लोरियन म्हणाला. "तेवढी अक्कल आहे मला. पण त्यांना निरोप गेलाय की मी येतोय. आपल्याबरोबर कुणीतरी बाहेरून, आपण होऊन आलंय, एवढं त्यांना कळलं म्हणजे झालं. नाहीतर माणसाला वाटतं, आपण चुकून सापडलो."

सकाळी मागच्या भिंतीतून गाणं ऐकू आलं. बारीक, एकसुरी, मधेच कुणाचा तरी खोकला. कोठारातले चाळीस जण रोज उजाडताना गायचे. शेजारपाजारचे सुरुवातीला वैतागले होते, आता त्या गाण्यावर उठायचे. फ्लोरियन भिंतीला पाठ टेकून ऐकत बसला होता. मातेर्ननं पट्टा आवळला आणि सांगितलं, की आज सुभेदार कुणाला भेटणार नाही, आज सेवेतून सुटलेल्या शिपायांच्या धुपाचा दिवस आहे, उद्या जा. ते निम्मं खरं होतं. फ्लोरियननं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, बरं, उद्या.

चौकात रिमझिम पडत होती. सुटलेले शिपाई, दीडशेच्या आसपास, टोपीचे लोकरी झगे पांघरून ओळीत उभे होते. कुबड्या, काठ्या, खोकले. मातेर्नची नेमणूक वेदीजवळ होती. निखारे विझू द्यायचे नाहीत, एवढंच काम. सुरुवातीला शतकाधिपतीनं हुकूम वाचला, आणि त्याला जोडून एक ताजी बातमी. पलीकडच्या एका ठाण्यावर कुण्या कारकुनानं मित्राच्या नावापुढे खोटी खूण केली होती. त्याच्याच राहुटीतल्या सात जणांच्या हातात दांडकी देऊन त्याला मारवलं. मेला तेव्हा त्यांतले दोघं रडत होते, असंही शतकाधिपतीनं सांगितलं, कारण त्याला ते महत्त्वाचं वाटलं असावं.

मग नावं सुरू झाली. पुकारणारा नाव घेई, शिपाई "हजर" म्हणून पुढे येई, चिमूट टाकी, कारकून मेणाच्या पाटीवर खूण करी. कारकुनाची मान खाली होती. पावसाचे थेंब मेणावर पडू नयेत म्हणून तो पाटीवर ओणवा झाला होता. तासाभरात सगळ्याला एक ठेका आला. नाव, हजर, चिमूट, खूण.

"फ्लोरियन."

"हजर," मातेर्न म्हणाला.

तो तसं का म्हणाला हे नंतर त्याला नीट सांगता आलं नसतं. छावणीत दुसऱ्याच्या नावानं हजेरी देणं नियमानं गुन्हा होता आणि रिवाजानं शेजारधर्म. कुणी पिऊन पडलेला असायचा, कुणी बाईकडे गेलेला, कुणाला ताप. वीस वर्षांत मातेर्ननं शंभर जणांची हजेरी दिली असेल आणि शंभर वेळा कुणीतरी त्याची दिली असेल. नाव आलं, उत्तर नाही आलं, की तोंड आपोआप उघडायचं. तसं ते उघडलं. पण हात आपोआप उठला नव्हता. हात त्यानं स्वतः उचलला. धुपाच्या वाटीत बोटं घातली, चिमूट निखाऱ्यांवर सोडली. कारकुनानं मान वर न करता खूण केली. ओळीतल्या चार-पाच म्हाताऱ्यांनी सगळं पाहिलं. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं, दोघं झग्याच्या टोपीत हसले. पुकारणाऱ्यानं पुढचं नाव घेतलं.

त्या दिवशी मातेर्नला हलकं वाटत होतं. येताना त्यानं डॅन्यूबचा एक मोठा मासा घेतला. आता यादीत खूण होती. आता फ्लोरियन सुभेदारापुढे उभा राहून काही का ओरडेना, कारकून पाटी बघून म्हणेल, बाबा, तुझं झालंय, घरी जा. एका वेड्या म्हाताऱ्याची बडबड म्हणून सोडून देतील. मातेर्न जेवताना दोनदा स्वतःशीच हसला. बनोनानं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. फ्लोरियनला त्यानं काही सांगितलं नाही. आठवडाभरानं, तो केटियमच्या वाटेला लागल्यावर सांगू, असं त्यानं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं, कोंबडे आरवले, पण मागच्या भिंतीतून काही ऐकू आलं नाही.

फ्लोरियन भिंतीला कान लावून बसला. बराच वेळ बसला. मग त्यानं विचारलं, आज गात का नाहीत? मातेर्नला माहीत नव्हतं. दारात क्रिस्पस आला होता. हा कोठाराचा दारवान, रोज सकाळी बनोनाकडे उधारीवर पहिला पेला घ्यायला यायचा. त्यानं फ्लोरियनला बघितलं आणि दोन्ही हात पसरले.

"साहेब! शहाणपणा केलात. मी म्हणतच होतो, आयुष्यभर आगी विझवणारा माणूस, दोन निखाऱ्यांना कशाला भिईल? काल गेलो आणि आत सांगून टाकलं. म्हटलं, बसा आता गात, तुमचा फ्लोरियन धूप टाकून मोकळा झाला." त्यानं पेला तोंडाला लावला. "तेव्हापासून चिडीचूप. पहिल्यांदा झोप लागली मला."

क्रिस्पसनं पेला संपवला, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आपण काहीतरी जास्तीचं बोललो असं वाटून मिशा पुसत निघून गेला.

फ्लोरियन मातेर्नकडे बघत होता. मातेर्न चुलीतल्या लाकडाकडे बघत होता.

"कुणी पाहिलं?" फ्लोरियननं विचारलं.

"जुन्यांनी. ते बोलायचे नाहीत."

"आणि बोलले तर?"

"दांडकी," बनोना म्हणाली. नवऱ्यानं काय केलं ते तिला त्या क्षणी कळलं होतं. तिचा हात पिठात होता, तो तिनं बाहेर काढला नाही.

मातेर्न भराभर बोलू लागला. झालं ते चांगलंच झालं, आता तुम्हाला कुणी हात लावू शकत नाही. क्रिस्पसला मी गाठतो, त्याला सांगतो की चूक झाली, तो दुसरा कुणी फ्लोरियन होता; आत निरोप जाईल, पुन्हा गातील. दोन महिने कळ काढा, सम्राटांचे हुकूम येतात आणि जातात. बोलता बोलता त्याला स्वतःलाच कळत गेलं की दुसरा कुणी फ्लोरियन यादीत नाही, आणि क्रिस्पसला सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत वस्तीभर होते.

फ्लोरियननं वहाणांचे बंद बांधले. बंद भिजून आखडले होते, त्याला वेळ लागला. उठताना त्यानं बनोनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर पडला. मातेर्न भाला घेऊन त्याच्यामागे धावला. पहाऱ्यावर जायची त्याची वेळ झालीच होती, आणि पहारा सुभेदाराच्या दारावरच होता.

सुभेदार चांगल्या मनःस्थितीत होता. फ्लोरियननं आपलं नाव सांगितलं, आपण ख्रिस्ती आहोत असं सांगितलं. कारकुनानं पाटी चाळली, आणि मातेर्नला वाटलं होतं अगदी तसंच म्हणाला, की यांचं झालंय, काल खूण झाली आहे.

"मग?" सुभेदारानं विचारलं. "खूण खोटी आहे? तुम्ही टाकला नाही तर तुमच्या नावानं कुणी टाकला?"

मातेर्न दारात उभा होता. त्याला फ्लोरियनची पाठ दिसत होती, आणि पाठीवर घामानं चिकटलेलं कापड. एवढं मातेर्नला त्याच्याविषयी पक्कं माहीत होतं, की हा माणूस खोटं बोलत नाही. कचेरीत असताना सुभेदाराच्या मेव्हण्यासाठीसुद्धा बोलला नव्हता. त्यापायी दोन वर्षं बढती हुकली होती. मातेर्ननं भाला घट्ट धरला. दाराबाहेर उजव्या हाताला आपल्या राहुटीतले कोणकोण उभे आहेत, ते तो मनात मोजू लागला.

सुभेदारानं टेबलावर बोट आपटलं.

"मीच टाकला," फ्लोरियन म्हणाला. "चूक झाली. ती मागे घ्यायला आलोय."

सुभेदार हसला, आणि मग कारकूनही हसले.

"धूर मागे घेता येत नाही," सुभेदार म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते हुकुमाबरहुकूम झालं. दोनदा फटके, मधे एकदा विचारणा. एकदा देवाला मानून मग झिडकारणारा माणूस मुळात न मानणाऱ्यापेक्षा वाईट, असं सुभेदारानं कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं. एका अधिकाऱ्यानं जाळण्याचं सुचवलं. दुसरा म्हणाला, हा आगीतला माणूस, त्याला आगीचं काय, जन्मभर पाणी पाणी करत आला, त्याला पाणीच द्या. ते सगळ्यांना आवडलं. रात्रीपुरता त्याला कोठारात टाकला.

कोठारात काय झालं ते मातेर्नला क्रिस्पसकडून कळलं, सकाळी, न विचारता. क्रिस्पसचा आवाज नेहमीसारखा नव्हता. आत टाकला तेव्हा कुणी उठलं नाही, तो सांगत होता. सरकून जागासुद्धा दिली नाही. सुभेदारापुढे त्यानं काय कबूल केलं ते शिपायांनी आधीच ओरडून सांगितलं होतं. रंगाऱ्यानं विचारलं, खरं का? तर म्हणाला, मी आलोय, एवढं खरं. बस्स. मग दाराजवळ, रक्ताच्या थारोळ्यात, बसून राहिला.

"मला वाटलं गळ्यात गळे घालतील," क्रिस्पस म्हणाला. "मी दार उघडं धरून बघत होतो."

फ्लोरियनच्या गळ्यात बांधायचा दगड मातेर्नच्या राहुटीच्या जात्याचा होता. आठ जणांत एक जातं, आणि दळायची पाळी त्या दिवशी मातेर्नची होती, म्हणून दगड उचलून आणायचं काम त्याच्याकडे आलं. आणि आणला त्यानंच बांधायचा, असं ठरलं. पुलाच्या मध्यावर त्यानं दोर दगडाच्या भोकातून ओवला. फ्लोरियनचे खांदे सोलले होते. दोर कुठून घ्यावा ते मातेर्नला कळेना. तो मानेशी वाकला.

"मी सांगतो," तो कुजबुजला. "आत्ता सांगतो सगळ्यांना. त्यांच्यापर्यंत जाईल."

"बनोनाला विचारलंस?" फ्लोरियन म्हणाला.

मातेर्नच्या हातात दोर तसाच राहिला.

"गाठ नीट मार. सुटली तर पुन्हा तुलाच बांधायला लावतील."

मातेर्ननं गाठ मारली. आगपहाऱ्यात बादलीला मारतात ती. तेवढी एकच गाठ त्याला डोळे मिटून येत होती. फ्लोरियननं प्रार्थनेला वेळ मागितला आणि पूर्वेकडे तोंड करून उभा राहिला. तो इतका वेळ उभा राहिला, की शिपाई पाय बदलू लागले. कुणालाच पुढे व्हायचं नव्हतं. सगळे एकमेकांकडे आणि मग पाण्याकडे बघत होते. शेवटी त्या तिघा नव्या जवानांतला एक, ज्यानं आभाळाकडे पाहिलं होतं तोच, शिवी हासडून धावत आला आणि त्यानं ढकललं. आवाज फार झाला नाही. जवान कठड्याला धरून उभा राहिला आणि काही वेळानं, काहीच दिसेनासं झाल्यासारखा, आपल्या डोळ्यांपुढे हात हलवून बघू लागला. त्याला खाली बसवून पाणी दिलं.

कोठारातलं अन्नपाणी त्याच दिवशी बंद केलं. चौथ्या दिवशी आत हालचाल राहिली नाही. पूर्वेच्या तटाबाहेर लांब चर खणून चाळिसांना एकाशेजारी एक ठेवायची परवानगी त्यांच्या नातेवाइकांना मिळाली. सुभेदाराला आता त्या प्रकरणाचा कंटाळा आला होता.

फ्लोरियनसाठी परवानगी नव्हती. दोर नदीतल्या खडकावर घासून तुटला असावा. काही दिवसांनी खालच्या वळणावर, पाण्याबाहेर आलेल्या एका कातळाला त्याचं प्रेत अडकलेलं सापडलं. ते कुणी नेऊ नये म्हणून काठावर पहारा बसवला. मातेर्ननं तो पहारा मागून घेतला. कातळावर एक मोठा गरुड येऊन बसायचा. तो बसलेला असेपर्यंत कावळे उतरत नसत. पक्षी राखण करत होता की भुकेला होता, हे काठावरून सांगता येण्यासारखं नव्हतं.

पहाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी एक विधवा बैलगाडी घेऊन आली. वालेरिया तिचं नाव. पश्चिमेला दोन तासांच्या वाटेवर तिची शेती होती. ती ख्रिस्ती होती हे वस्तीत अनेकांना माहीत होतं, पण यादीत तिचं नाव नव्हतं. गाडीत ओल्या फांद्या भरल्या होत्या. बरोबर दोन गडी. तिनं मातेर्नला काही विचारलं नाही, मातेर्ननं तिला अडवलं नाही. गडी कमरेभर पाण्यात उतरले. गरुड उठून वरच्या पाइनवर जाऊन बसला. त्यांनी प्रेत आणलं, गाडीत ठेवलं, वर फांद्या पसरल्या. मातेर्ननं एक बाजू धरून मदत केली.

"चर अजून बुजवला नाहीये," तो म्हणाला. "पूर्वेच्या तटाकडचा. बाजूला जागा आहे. मी पाहून आलोय."

"तिथं नाही," वालेरिया म्हणाली.

"तो त्यांच्यासाठीच आला होता."

"माहीत आहे. पण त्यांच्या घरच्यांना नको आहे. ते म्हणतात, आमच्या माणसांनी उपाशी जीव दिला, पण धूप टाकला नाही. यानं टाकला होता. परत आला हे चांगलं केलं, पण ओळ वेगळी." तिनं बैलाच्या मानेवरचं जू सारखं केलं. "माझ्या शेतात जागा आहे. एकटा राहील."

मातेर्ननं भाला जमिनीवर ठेवला. सोळा वर्षांत बोलला नसेल इतकं त्याला एकदम बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते थोडंच.

"त्यानं नाही टाकला. मी टाकला. त्याची हजेरी मी दिली."

वालेरिया थांबली. गडी एकमेकांकडे बघू लागले. तिनं त्यांना हातानं लांब जायला सांगितलं. बैलांनी माना हलवल्या. ती मातेर्नच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथं जे होतं, ते खोटं नसावं असं तिला वाटलं असावं.

"मग तो सुभेदारापुढे म्हणाला ते?"

"खोटं."

"आणि आतमध्ये, आमच्या लोकांत?"

"तिथं खोटं बोलला नाही. पण खरंही सांगितलं नाही. दारवान ऐकत होता."

"हे तू त्यांच्या घरच्यांना सांगशील? आज?"

मातेर्ननं मान वळवली. वस्तीच्या दिशेला धूर दिसत होता; बनोना या वेळी जव भाजत असे. वालेरियानं त्याची नजर कुठे गेली ते पाहिलं. तिनं वाट पाहिली, बऱ्यापैकी वाट पाहिली. मग गाडीवर चढली आणि कासरा हातात घेतला.

"ज्यांना हे ऐकायचं होतं ते चाळीसही चरात आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता. "आणि सुभेदारापुढे त्यानं स्वतःच्या तोंडानं जे सांगितलं, ते खोटं होतं असं मी पुराव्याशिवाय कशी सांगू? तू ये बरोबर. नाहीतर असू दे."

तिनं आणखी थोडं थांबून बैल हाकले. गाडी काठाचा चढ चढली, वळली आणि तटापासून दूर, पश्चिमेच्या वाटेला लागली. मातेर्न ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला. मग त्यानं भाला उचलून दांड्याला लागलेली माती पुसली.

पहारा बदलायला क्रिस्पस आला. कोठार रिकामं झाल्यापासून त्याला इकडे टाकलं होतं. त्यानं कातळाकडे पाहिलं, मग चढावरच्या चाकोरीकडे, मग मातेर्नकडे.

"गाडी गेली ना आत्ता? काय होतं?"

"झाडपाला," मातेर्न म्हणाला.

क्रिस्पसनं मान डोलवली आणि बसायला कोरडी जागा शोधू लागला.